डेटाक्लासमध्ये लिटर फ्लोट दिलंय, टेबलात रिअल दिलंय, तरी बिलात काही नोंदी शून्य धरल्या जातायत

माणदेशी_कोडर

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी एक छोटं वेब अॅप केलंय, पायथन आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस), एकट्यानेच केलंय. फॅट मशीन जुनं आहे, कॉम्प्युटरला जोडता येत नाही, त्यामुळे केंद्रावर बसणारा माणूस मोबाईलवरच फॉर्म भरतो. सभासद कोड, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), बस एवढंच. दर दहा दिवसांनी बिल निघतं. पाच महिने सगळं सुरळीत चाललं होतं.

परवा एक आजी वीसच्या वीस पावत्या रबर लावून घेऊन आल्या आणि म्हणाल्या बाळा माझं दूध कमी धरलंय. मी बसून एकेक पावती जुळवली तर खरंच तीन संध्याकाळचं दूध बिलात नाही, ७.५, ७ आणि ६.५, म्हणजे एकवीस लिटर. पावतीवर लिटर बरोबर छापलंय (पावतीवर पैसे येत नाहीत, दर बिलाच्या वेळीच लागतो). डेटाबेस उघडून बघितला तर तिथेही आकडा दिसतोय. पण बेरीज केली की त्या तीन नोंदी धरतच नाही, आणि एरर पण कुठे नाही. अजून एक विचित्र म्हणजे "सर्वात जास्त दूध" या रिपोर्टात आजींचं ७.५ येतंय, आणि त्याच दिवशी एकाने २२ लिटर घातलंय!

डेटाक्लासमध्ये (पायथनमधला नोंदीचा साचा) लिटर, फॅट, एसएनएफ तिन्ही फ्लोट (दशांश आकडा) लिहिलेत. टेबलातला कॉलम रिअल (डेटाबेसमधला दशांश आकडा) आहे. दोन्हीकडे टाइप दिलाय मग चूक येतेय कुठून? दोन रात्री झोप नाही, त्या आजींचा महिन्याचा किराणा या बिलावर चालतो.

टाइपवेडा

भाऊ एक सांग, त्या तीन संध्याकाळी फॉर्म कोणी भरला आणि त्याच्या फोनवर कीबोर्ड मराठी होता का? डेटाबेसमध्ये ते ७.५ मराठी आकड्यांत दिसतंय की इंग्रजी आकड्यांत, नीट बघ.

माणदेशी_कोडर

आत्ता बघितलं. मराठी आकड्यांत आहे!! त्या तिन्ही दिवशी रोजचा मुलगा लवकर गेला होता, शेवटचा अर्धा तास त्याचे काका बसले होते, त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे. आजी नेहमी शेवटी येतात. म्हणजे त्या वेळात आलेले बाकीचे सभासद पण यात असणार, तेही शोधतो. पण मग डेटाक्लासने अडवायला नको होतं का?

टाइपवेडा

नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पायथनमध्ये तू लिटरपुढे जो फ्लोट लिहितोस ती फक्त वाचणाऱ्यासाठी आणि मायपाय सारख्या टाइप तपासणाऱ्या टूलसाठी नोंद असते. प्रोग्राम चालताना पायथन तिच्याकडे बघत नाही. या नोंदी म्हणजे टाइप हिंट पायथन ३.५ पासून आल्या, डेटाक्लास ३.७ मध्ये आला, आणि दोन्ही वेळी हे मुद्दामच असं ठेवलंय. डेटाक्लास तुझ्या हिंट वाचून फक्त कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन) तयार करून देतो, आत काय आलं ते तपासत नाही. तू त्यात स्ट्रिंग (नुसता मजकूर) दे, लिस्ट दे, काहीही दे, घेतो. आणि वेब फॉर्ममधून येणारी प्रत्येक गोष्ट स्ट्रिंगच असते, म्हणजे गेले पाच महिने तुझ्या लिटरमध्ये एकदाही फ्लोट आलेला नाही.

मग चाललं कसं? तर एसक्यूलाइटने सांभाळून घेतलं. त्याच्यात कॉलमचा टाइप हा कल असतो, सक्ती नाही. रिअल कॉलममध्ये आकड्यासारखी दिसणारी स्ट्रिंग आली की तो गुपचूप आकडा करून ठेवतो. पण त्याला आकडा म्हणजे इंग्रजी आकडेच कळतात. मराठी ७.५ त्याला आकडा वाटत नाही म्हणून तो टेक्स्ट म्हणूनच ठेवतो, तक्रार न करता. नंतर सम (बेरीज) करताना जी टेक्स्ट आकड्यासारखी दिसत नाही ती शून्य धरतो. गेले तुझे एकवीस लिटर. आणि मॅक्सचं (सर्वात जास्तचं) कोडं पण यातच सुटतं, एसक्यूलाइटच्या क्रमात टेक्स्ट कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी असते म्हणून आजींचं ७.५ हे २२ च्या वर.

आता जुन्या नोंदी शोधायला सोपं आहे, टाइपऑफ फंक्शन (किंमत कुठल्या टाइपची आहे ते सांगतं) लावून लिटर, फॅट, एसएनएफ यातलं जिथे टेक्स्ट येईल त्या सगळ्या ओळी काढ. आणि टेबल नवीन करताना स्ट्रिक्ट (टाइपची सक्ती असलेलं) कर, एसक्यूलाइटच्या २०२१ च्या ३.३७ व्हर्जनपासून ती सोय आहे, मग असलं काही आत जाणारच नाही, तिथल्या तिथे एरर येईल.

कोकणचा_बॅकएंडवाला

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त एक भर. पायथनचं स्वतःचं फ्लोट फंक्शन मराठी आकडे समजतं. मराठीत लिहिलेल्या ७.५ ला फ्लोट लावलं तर साडेसातच मिळतात, इंट (पूर्णांक) आणि डेसिमलचंही (अचूक दशांश) तसंच. म्हणजे तू फॉर्ममधून आल्या आल्या नुसतं फ्लोट केलं असतंस तरी हे झालं नसतं. माझं मत असं की सहा फील्डसाठी लायब्ररी आणायची गरज नाही, डेटाक्लासच्या पोस्ट-इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनला की लगेच चालणारं फंक्शन) बदलून घे, नाही जमलं तर एरर दे, काम झालं.

पण फ्लोट लावलंस तरी एक भोक राहतं, तेवढं बुजव. फ्लोटला "नॅन" (म्हणजे आकडाच नाही) ही स्ट्रिंग दिली तर तो ती घेतो, आणि नॅन कशाहीपेक्षा लहान नसतो आणि मोठाही नसतो. फॅटसाठी "२ पेक्षा कमी किंवा १२ पेक्षा जास्त असेल तर नाकार" असं लिहिलंस तर नॅन आरामात आत जातो. त्यामुळे अट उलटी लिही, "२ ते १२ च्या मध्ये असेल तरच घे". आणि पैशाला फ्लोट नको, डेसिमल घे. फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, दहा दिवसांच्या बिलात एक-दोन पैशांचा फरक पडला की सभासद विचारणारच, आणि विचारायलाच हवं.

नीलाक्षी_डेटा

दादा तुमचं पोस्ट-इनिट चालेल, पण मी तरी पायडँटिकच (डेटा तपासणारी पायथनची लायब्ररी) सुचवेन. कारण सांगते. पोस्ट-इनिटमध्ये पहिली चूक सापडली की एरर फेकला जातो, माणूस ती दुरुस्त करतो, सबमिट, मग दुसरी चूक, परत सबमिट. केंद्रावर सकाळी सहाला किटल्या घेऊन रांग उभी असते, तिथे हे परवडत नाही. पायडँटिक सगळ्या फील्डच्या चुका एकदम देतो, कुठलं फील्ड आणि काय चुकलं यासकट, ते तुम्ही फॉर्मवर त्या त्या रकान्याखाली दाखवू शकता.

पण त्याच्याही काही सवयी माहिती पाहिजेत, नाहीतर तोही असाच गप्प बसतो.

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो जादा फील्डचा. पायडँटिकला न सांगितलेलं फील्ड आलं तर तो ते सोडून देतो, एरर देत नाही. आता समजा एसएनएफला तुम्ही डिफॉल्ट ८.५ ठेवलंत आणि फॉर्मच्या एचटीएमएलमध्ये त्या फील्डचं नाव एका अक्षराने चुकलं. तर फॉर्ममधून आलेली किंमत फेकली जाते, डिफॉल्ट लागतो आणि गावातल्या प्रत्येक गाईचं एसएनएफ ८.५ होतं. मी हे एका वेगळ्या कामात भोगलंय, तीन आठवडे कोणाला कळलं नव्हतं कारण आकडा अगदी पटण्यासारखा होता. म्हणून एक्स्ट्राला फॉरबिड करा (जादा फील्ड आलं की एरर), आणि जे मोजून येतं त्याला डिफॉल्ट देऊच नका, फील्ड रिकामं असेल तर अडवा.

दुसरं, ऑब्जेक्ट बनताना तपासणी होते पण नंतर कोडमध्ये कुठे लिटर बदललं तर ती तपासणी आपोआप होत नाही, त्याची सेटिंग वेगळी आहे. मी सरळ मॉडेल फ्रोझन करते, एकदा बनलं की बदलायचं नाही.

मराठी आकड्यांसाठी बिफोर व्हॅलिडेटर (टाइप बदलायच्या आधी चालणारं फंक्शन) लावा, त्यात आधी आकडे इंग्रजी करून घ्या आणि मगच डेसिमल. युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) हे होईल असं वाटतं पण होत नाही, दहा आकड्यांचा स्वतःचा तक्ता करून ट्रान्सलेट करावं लागतं. सभासद कोडलाही हेच लावा. कोड स्ट्रिंगच ठेवा, इंट केलात तर ००४२ चं ४२ होईल. आणि पायथनच्या रेजेक्समध्ये (मजकुराचा नमुना तपासायची पद्धत) बॅकस्लॅश डी, म्हणजे कुठलाही एक आकडा, मराठी आकड्यांनाही मॅच होतं, म्हणजे "चार आकडे पाहिजेत" ही तपासणी मराठी ००४२ पास करेल आणि डेटाबेसमध्ये एकाच माणसाचे दोन सभासद होतील.

माणदेशी_कोडर

ताई, एसएनएफला मी खरंच ८.५ डिफॉल्ट ठेवला होता, आत्ता काढला. नावं जुळतायत, वाचलो. सभासद नोंदणीचा फॉर्म पण बाकी आहे, तिथे नाव तपासायला इजअल्फा (सगळी अक्षरंच आहेत का बघणारं फंक्शन) लावायचा विचार होता.

टाइपवेडा

इजअल्फा लावू नको! मराठी नावांना तो चालतच नाही. "कमल" पास होईल आणि "राम" नापास, कारण काना, मात्रा, वेलांटी ही पायथनच्या हिशोबात अक्षरं नाहीत. ज्याच्या नावात एकही मात्रा नाही तेवढेच सभासद होतील. लांबीची मर्यादा पण जपून, "ज्ञानेश्वर" आपल्याला चार अक्षरी दिसतं पण पायथन त्याची लांबी १० सांगतो.

आणि "कऱ्हाडे" सारखी आडनावं. तो ऱ्हा मधला अर्धा र एका कीबोर्डवरून नुक्त्यावाल्या ऱ ने येतो, दुसऱ्यावरून साध्या र ला हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक लावून. स्क्रीनवर सारखेच, आत वेगळे. नॉर्मलायझेशन यातलं सगळं सरळ करत नाही, शोधायच्या कॉलमसाठी हे स्वतः बदलून एकच रूप ठेवावं लागतं. नावाला माझ्या मते एवढंच पुरे, पुढचा-मागचा स्पेस काढ, रिकामं नको, अवाच्या सवा लांब नको. नाव चूक की बरोबर हे कोडने ठरवू नये.

सांगलीकर_म्हैस

मी कोडवाला नाही म्हणजे थोडं येतं, पण सहा वर्षं केंद्रावर बसलोय म्हणून बोलतो. सगळ्यात जास्त होणारी चूक टिंब सुटायची असते, ३.५ फॅटच्या जागी ३५. ती सरळ नाकारा. पण गाईला ६ फॅट आलं तर नाकारू नका, कधी गाय-म्हैस चुकीचं दाबलेलं असतं तर कधी शेवटच्या धारेचंच दूध आलेलं असतं, तिथे "गाय आहे ना? फॅट ६.० बरोबर आहे का?" असं विचारा आणि हो म्हटलं की घ्या. नाकारलं की माणूस पुढे जाण्यासाठी काहीतरी खोटा आकडा टाकतो, रांग थांबत नाही हो. आणि मेसेज मराठीत द्या. "इनपुट शुड बी अ व्हॅलिड नंबर" बघून काका परत तेच दाबत बसतील. माझ्या वेळी असा लाल इंग्रजी मेसेज आला की आम्ही वहीत लिहून ठेवायचो आणि वही कधीकधी तशीच राहायची.

नीलाक्षी_डेटा

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. म्हणजे दोन थर करा. जे शक्यच नाही ते टाइपच्या मर्यादेत, तिथेच एरर. जे शक्य आहे पण विचित्र आहे ते नुसता इशारा, आणि "खात्री केली" हे एक बूल (हो की नाही) फील्ड नोंदीसोबत साठवा, कोणी केली त्यासकट. गाय आणि म्हैस यांच्या मर्यादा वेगळ्या असल्याने हा इशारा एका फील्डवर ठरत नाही, मॉडेल व्हॅलिडेटरमध्ये (आफ्टर मोडच्या) घ्या, तिथे सगळी फील्ड टाइप होऊन आलेली असतात. ते बूल मात्र साध्या पायथनच्या बूलने बदलू नका, "फॉल्स" ही स्ट्रिंग त्याला ट्रू वाटते.

माणदेशी_कोडर

चार दिवसांनी परत आलो. टाइपऑफने शोधलं तर एकूण अकरा नोंदी निघाल्या, चार सभासदांच्या, सगळ्या काकांच्या फोनवरून. आकडे पावत्यांशी जुळवून दुरुस्त केले, फरकाचे पैसे या बिलात वेगळी ओळ करून दिलेत, नुसतं बिलात मिसळलं असतं तर कोणाला कळलं नसतं कशाचे आहेत.

पायडँटिक घेतलं. फॉर्ममधून आलेलं कच्चं आता एकाच फंक्शनमध्ये येतं, तिथून मॉडेल बनतं, आणि बेरीज, दर, पावती या सगळ्यांना फक्त मॉडेलच मिळतं. टेबल स्ट्रिक्ट केलं. मर्यादा आणि मेसेज सांगलीकर दादांनी सांगितल्याप्रमाणे, "लिटर आकड्यात लिहा, जसं ७.५" असे. काकांना त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच मराठी कीबोर्डवर करायला लावलं, मुद्दाम टिंब सोडून ३५ टाकायला सांगितलं, मेसेज वाचला आणि स्वतःच ३.५ केलं.

एकच अडलंय. पैशाची रक्कम पैशात पूर्णांक म्हणून ठेवली तर स्ट्रिक्ट टेबलात सोपं जाईल असं वाटतंय, पण लिटर गुणिले दर केल्यावर राउंडिंग प्रत्येक नोंदीला करायचं की दहा दिवसांच्या बेरजेला? सभासद पावत्यांवरून स्वतः हिशोब करतात, त्यांचा आणि आपला आकडा जुळला पाहिजे.

सांगलीकर_म्हैस

प्रत्येक नोंदीला. आणि पावतीवर त्या वेळची रक्कमही छापायला लाग, आजींना परत वीस पावत्या घेऊन यायला लागायला नको.