'पेनजिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयातल्या छिंग राजघराण्याच्या काळातल्या वस्तूंवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'पेनजिंग' हा चिनी शब्द वारंवार येतो. बोन्सायला आपण वामनवृक्ष म्हणतो, तोच शब्द चालेल का? अडचण अशी की लेखातल्या झाडाची पानं जेड या मौल्यवान दगडाची आहेत आणि फळं पोवळ्याची.

– वामनवृक्ष नको. बोन्सायमधला 'बोन' आणि पेनजिंगमधला 'पेन' हे एकाच चिनी अक्षराचे दोन उच्चार; अर्थ पसरट भांडं. फरक पुढच्या अक्षरात आहे. 'साय' म्हणजे लावणं, लागवड. 'जिंग' म्हणजे दृश्य. म्हणून पेनजिंग म्हणजे भांड्यात मांडलेलं छोटं दृश्य; त्यात झाड असलंच पाहिजे असं नाही. नुसते खडक आणि पाणी मांडलं तरी ते पेनजिंगच. चीनच्या शेन्शी प्रांतात थांग घराण्यातल्या राजपुत्र ली शिएनचं ७०६ साली बांधलेलं थडगं आहे. तिथल्या भित्तिचित्रात एक सेवेकरी दोन्ही हातांत तबक धरून उभा आहे, आणि तबकात लहान दगड नि इवली झाडं. सगळा डोंगर त्या दोन हातांत मावलाय.

या 'जिंग'ला आपल्याकडे तयार शब्द आहे: देखावा. 'गणपतीचे देखावे बघायला जाऊ' म्हणतो तोच. मुद्दाम मांडलेलं, बघण्यासाठी केलेलं दृश्य. 'निसर्गचित्र' म्हटलं की कागद-रंग डोळ्यांपुढे येतात, तो शब्द इथे उपयोगाचा नाही.

उच्चाराचंही सांगतो. रोमन लिपीतला 'पी' चिनीत महाप्राण असतो आणि 'जे' आपल्या 'चिंच'मधल्या 'चि'जवळ जातो. म्हणून खरा उच्चार 'फन्-चिंग'सारखा. फ मात्र 'फूल'मधला, ओठ मिटून म्हटलेला. मराठी कानाला हे सहज जमतं, मग इंग्रजी वळणाचं 'पेनजिंग' कशाला?

– मग 'कुंडीतला देखावा' लिहू?

– 'तबकातला' बरा, कुंडी खोल वाटते. पण प्रत्येक ठिकाणी भांडं कोणतं ते आधी बघा, कारण दरबारी वस्तूंत भांडंसुद्धा बोलतं. 'वान-न्येन-छिंग' नावाची एक सदाहरित वनस्पती आहे, शब्दशः 'दहा हजार वर्षं हिरवी'. ती बादलीत लावलेली दाखवतात. बादलीला चिनीत 'थोंग', आणि एकछत्री राज्यासाठीच्या शब्दातही तोच 'थोंग' ऐकू येतो. 'एक बादली' म्हणता म्हणता 'अखंड राज्य दहा हजार वर्षं टिको' असा आशीर्वाद होतो. तिथे तबक किंवा कुंडी लिहिलंत तर सगळा श्लेष गेला. सरळ बादली लिहा आणि वाक्यातच उलगडून सांगा.

– आणि 'रत्नजडित देखावा'?

– तो मला खटकतो. जडवणं म्हणजे कोंदणात खडा बसवणं. काही भांड्यांवर तसं काम असतं, तिथे म्हणा. पण झाडाचं पान म्हणजेच पातळ कोरलेला जेड, तारेनं फांदीला बांधलेला. कुठे निळ्या पाकळ्या दिसल्या तर नीट पाहा: बरेचदा तो खडा नसतो, मीनाही नसतो, सोन्याचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चिकटवलेली खंड्या पक्ष्याची पिसं असतात. तेव्हा 'रत्नांचा देखावा' म्हणा, आणि पिसं असतील तिथे पिसंच लिहा.