जादा अंतरा आणि उतरलेली पट्टी
गायक मोहम्मद रफींच्या स्मृतिकार्यक्रमात 'मूळ गाण्यात नसलेला अंतरा (कडवं) घुसडला' आणि पट्टी (ज्या सुरावर गाणं बेतलेलं असतं तो आधारसूर) उतरवली, अशा दोन तक्रारी वाचल्या. त्यातली पहिली पटली नाही. आपण ज्याला मूळ म्हणतो ती बहुतेक वेळा ग्रामोफोनची तबकडी असते. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मग एखादा अंतरा गाळायचा, नाहीतर गाणं दोन बाजूंना तोडायचं. पडद्यावर मात्र ते अनेकदा पूर्ण असायचं. त्यामुळे तो 'घुसडलेला' अंतरा खुद्द रफींनीच गायलेला असू शकतो, चित्रपट एकदा बघून घ्या.

पट्टी उतरवण्याबद्दलच्या तक्रारीशी मात्र सहमत. गेल्या ३१ जुलैला मी ऐकलेल्या कार्यक्रमात गायकाने पट्टी चांगली दोन स्वर खाली घेतली होती. तारसप्तकातल्या (उंच सुरांच्या) जागा त्याला आरामात लागल्या, टाळ्याही पडल्या. पण मुखडा इतका खाली गेला की पुटपुटल्यासारखा वाटला, आणि बासरीवाल्याला दर दोन गाण्यांनी बासरी बदलावी लागत होती (बिचारा!). रफी वर जातानाही खालचा आवाज भरीव ठेवायचे, ते अशा वेळी जास्त जाणवतं.