मालकाने हात आखडता घ्यावा की नाही? (लेव्हीच्या निमित्ताने)

हिशेबी_माणूस (धागा काढणारा)

डॅनियल लेव्ही सप्टेंबर २०२५ मध्ये टॉटनहॅमच्या (लंडनचा फुटबॉल क्लब, उर्फ स्पर्स) चेअरमनपदावरून गेला तेव्हा सगळीकडे नुसता जल्लोष होता, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं पण आळस. २००१ पासून हा बाबा तिथे बसलेला. एवढ्या वर्षांत कमावलं काय, तर २००८ चा लीग कप आणि २०२५ ची युरोपा लीग. संपलं. म्हणून तो कंजूष, म्हणून तो नालायक, असा एकूण सूर.

मला हे पटत नाही. तो आला तेव्हा टॉटनहॅम ही मधल्या फळीतली टीम होती, साधारण ३६ हजारांचं जुनं ग्राउंड. तो गेला तेव्हा ६२,८५० सीटांचं स्टेडियम उभं आहे, गवताचं पिच बाजूला सरकतं आणि खालून एनएफएलचं (अमेरिकन फुटबॉलचं) मैदान निघतं, कॉन्सर्ट वेगळे. खेळाडूंच्या पगारावर कमाईच्या निम्म्याहून कमी खर्च होतो. बाकीच्या क्लबांचे आकडे काढून बघा एकदा, मग हे किती दुर्मीळ आहे ते कळेल.

आणि आता २००१ मधलाच दुसरा चेअरमन आठवा. लीड्सचा पीटर रिड्सडेल. त्या वर्षी लीड्स चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला होतं, सगळे वाहवा करत होते. पुढच्या वर्षांच्या तिकीटविक्रीवर ६० मिलियन पौंडांच्या आसपास कर्ज उचललेलं, रिओ फर्डिनांडला १८ मिलियनला आणलेला, आणि सगळा हिशेब एकाच गोष्टीवर की दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये जाणारच. त्याच सीझनला लीगमध्ये चौथे आले, लिव्हरपूलपेक्षा एक पॉइंट कमी, आणि तेव्हा चॅम्पियन्स लीगच्या जागा तीनच होत्या. एक पॉइंट! २००२ मध्ये फर्डिनांड मँचेस्टर युनायटेडला विकला, २००४ मध्ये रेलिगेट झाले म्हणजे खालच्या डिव्हिजनला गेले, २००७ मध्ये आणखी एक पायरी खाली, वर यायला २०२० उजाडलं. ऑफिसात भाड्याने आणलेले गोल्डफिश होते म्हणे, नंतर सगळी थट्टा त्यांचीच झाली, बिचारे मासे. ऋण काढून सण केला की असंच होतं. तुम्हाला कोणता चेअरमन हवा, सांगा.

कोंबडा_छाप

मी स्पर्सवाला आहे त्यामुळे जरा तिखट लागलं तर आधीच माफी मागतो.

हिशेबराव, लीड्स दाखवून घाबरवायचं हे लेव्हीचे वकील वीस वर्षं करतायत. एका टोकाला दिवाळं आणि दुसऱ्या टोकाला लेव्ही, मधे काही रस्ताच नाही का? कुणी ६० मिलियन कर्ज काढ म्हणत नव्हतं त्याला. २०१६-१७ ला ८६ पॉइंट्स, दुसरा नंबर. केन, एरिक्सन, अल्डरवेरल्ड, व्हर्टोंगन, डेंबेले सगळे ऐन भरात. आणि २०१८ च्या समरमध्ये काय केलं? एकही खेळाडू नाही. शून्य. समर विंडो (खेळाडू घ्यायची उन्हाळ्यातली मुदत) सुरू झाल्यापासून प्रीमियर लीगमध्ये असं कुणीच केलं नव्हतं. जानेवारीतही शून्य, उलट डेंबेलेला चीनला विकला. तशा टीमला कोच पोचेटिनोने चॅम्पियन्स लीगच्या फायनलला नेलं. १ जून २०१९, माद्रिद. मी रात्री जागून बघितली ती मॅच, दुसऱ्या मिनिटाला सालाहची पेनल्टी, पुढचा दीड तास नुसता बघत बसलो, लिव्हरपूलकडून ०-२.

केन २८० गोल करून २०२३ मध्ये बायर्नला गेला. क्लबचा सर्वांत मोठा गोलस्कोअरर आणि स्पर्सकडून एक ट्रॉफी नाही. ते सरकणारं पिच चाटायचंय का आम्ही?

ऑफसाईड_अण्णा

छोटी दुरुस्ती. धाग्याच्या नावात मालक म्हटलंय, पण लेव्ही चेअरमन होता, क्लब एनिक नावाच्या कंपनीचा आणि त्यात मोठा वाटा लुईस कुटुंबाचा, लेव्हीचा त्याहून लहान. किस काढतोय असं वाटेल पण फरक आहे. अब्रामोविचने चेल्सीत स्वतःचा पैसा ओतला, गेला तेव्हा क्लबकडे त्याचं दीड बिलियनचं येणं होतं. एनिकने २०२२ मध्ये १५० मिलियन घातले तेवढेच डोळ्यात भरण्यासारखे, बाकी क्लबने आपलं आपण कमवून खावं हाच खाक्या. म्हणजे कंजूष असेल तर तिजोरीवाला कंजूष, लेव्ही किल्ल्या सांभाळणारा.

चालू द्या.

हिशेबी_माणूस

अण्णा, दुरुस्ती मान्य. पण अब्रामोविचचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की. दोन चॅम्पियन्स लीग जिंकल्या, कबूल. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, त्याच्यावर निर्बंध आले आणि क्लबला तिकिटं विकायचीही बंदी झाली काही काळ. एका माणसाच्या खिशावर क्लब उभा असला की तो खिसा शिवला गेल्यावर काय? तेव्हा गिऱ्हाईक मिळालं, विक्री झाली. दर वेळी मिळेल?

बारावा_गडी

मिळेल न मिळेल, १९ वर्षं मजा तर केली ना!

मला सांगा फॅन होतो कशासाठी आपण. पोर्ट्समथ घ्या. २००८ ला एफए कप जिंकले, कानूचा गोल. २०१० मध्ये दिवाळखोरीत, प्रीमियर लीगमधला पहिलाच असा क्लब, नऊ पॉइंट्स कापले, घसरत घसरत २०१३ पर्यंत चौथ्या डिव्हिजनला. शेवटी फॅन्सनीच पैसे गोळा करून क्लब घेतला. आता त्यांच्यातल्या कुणालाही विचारा की तो कप परत दे, हे सगळं झालंच नाही असं करतो. देईल? विगनचं बघा, २०१३ ला मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप, त्याच आठवड्यात रेलिगेट. मी तर हसत घेतला असता हा सौदा. दहा वर्षं सातव्या नंबरवर येऊन बॅलन्स शीट वाचत बसण्यापेक्षा बरं.

हिशेबी_माणूस

पोर्ट्समथचं रोमँटिक चित्र काढताय पण पैसे कुणाचे बुडले ते बघितलंत का? इंग्लंडात क्लब बुडाला की आधी खेळाडू आणि दुसरे क्लब यांची देणी पूर्ण द्यावी लागतात, तसा फुटबॉलचा नियमच आहे. उरलेल्यात बाकीचे. म्हणजे लाखोंचा पगार घेणारा स्ट्रायकर सुटला आणि आसपासचे छोटे पुरवठादार बसले बोंबलत. मॅचला प्रथमोपचार पुरवणाऱ्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचेही पैसे थकले होते, ती सेवाभावी संस्था आहे हो! तो कप त्यांच्या पैशाने आला. आणि ज्यांना कप मिळत नाही पण दिवाळं मिळतं त्यांचं काय? बरी एफसी, १८८५ चा क्लब, २०१९ मध्ये लीगमधूनच काढून टाकला. त्या लोकांना शनिवारी जायला जागा राहिली नाही.

बारावा_गडी

सेंट जॉनचं माहीत नव्हतं. वाईट आहे ते.

पण मग नियम बदला ना, जिंकायचं का सोडा?

गनर_बाई

मी आर्सेनलची, त्यामुळे हा सिनेमा मी आधीच पाहिलाय आणि कोंबडा_छापच्या दुःखाने मला नेहमीसारखा आनंद होत नाहीये, थोडाच होतोय.

आम्ही २००६ ला एमिरेट्स या नव्या स्टेडियममध्ये गेलो. २००५ नंतर २०१४ पर्यंत एक ट्रॉफी नाही. ऑन्री गेला, फॅब्रेगास गेला, व्हॅन पर्सीला तर युनायटेडला विकला आणि त्याने पहिल्याच वर्षी त्यांना लीग जिंकून दिली, आमचे पैसे वाजवून घेतलेले पण रात्री झोप येईना. तेव्हा कोच वेंगरला शिव्या घालणाऱ्यांत मीपण होते. २०१३ मध्ये लिव्हरपूलच्या सुआरेझसाठी ४ कोटी आणि वर एक पौंड अशी ऑफर दिली होती आम्ही, जग हसलं. एक पौंड!

पण त्याच समरमध्ये विंडोच्या शेवटच्या दिवशी ओझिल आला. मग एफए कप आले. २०२३ मध्ये राइससाठी १०० मिलियनच्या वर मोजले. वेळ लागला, मधे भलत्यांवरही उडवले, पण घट्ट पकडलेली मूठ शेवटी उघडली. माझ्या मते काटकसर वाईट नाही, ती कशासाठी चाललीय हे सांगता आलं पाहिजे. घरासाठी पैसे साठवणारा आणि साठवायची सवय लागलेला, दोघं लांबून सारखेच दिसतात. टॉटनहॅममध्ये घर बांधून झालं तरी आत फर्निचर येईना.

कोंबडा_छाप

ताई तुम्ही आर्सेनलच्या असूनही हे शंभर टक्के बरोबर बोललात, लिहिताना हात थरथरतोय.

आकडेमोड

भावनेत सगळे वाहून गेलात, जरा हिशेब समजून घ्या म्हणजे मालक असं का वागतात ते कळेल. ५० मिलियनचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला की वहीत दरवर्षी १० मिलियन खर्च पडतो. विकताना मात्र नफा एकदम त्याच वर्षी दिसतो, आणि क्लबच्याच ॲकॅडमीत घडलेला पोरगा असेल तर जवळजवळ सगळी किंमत नफाच. म्हणून चेल्सीने माउंट विकला, गॅलघर विकला, आणि मुद्रिकला साडेआठ वर्षांचा करार दिला म्हणजे खर्च पातळ होतो. मग युइफाने (युरोपची फुटबॉल संघटना) आणि पाठोपाठ प्रीमियर लीगने खर्च पाच वर्षांतच बसवायचा नियम केला, पळवाट बंद. वर तीन वर्षांत १०५ मिलियनपेक्षा जास्त तोटा चालणार नाही अशी प्रीमियर लीगची मर्यादा आधीपासून होतीच. त्यात स्टेडियम, ॲकॅडमीचा खर्च धरत नसत. एव्हर्टनचे २०२३ मध्ये दहा पॉइंट्स कापले, अपिलात सहा केले, पुढे आणखी दोन. फॉरेस्टचे चार. त्यामुळे मालक दिलदार असला तरी हात बांधलेले, आणि ज्याची कमाई मोठी तोच मोठा पगार देऊ शकतो. लेव्हीने कमाईचं मशीन बनवलं, ते चालवणं पुढच्याचं काम.

मधला रस्ता विचारत होतात ना, तो ब्रायटन. टोनी ब्लूमने आधी स्वतःचे पैसे बिनव्याजी घातले, मग कैसेदोसारखे पोरगे ५ मिलियनच्या आत घेऊन ११५ पर्यंतच्या सौद्यात चेल्सीला विकले. २०२२-२३ ला सहावा नंबर, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा युरोप.

बारावा_गडी

आणि ब्रायटनच्या कपाटात ट्रॉफी किती? मोठी एकही नाही. लेस्टरने २०१६ मध्ये लीग जिंकली, ती कुठल्या हिशेबात बसते?

आकडेमोड

लेस्टरचंच पुढे बघा. २०२२-२३ ला पगाराचं बिल क्लबच्या कमाईपेक्षा मोठं होतं, आणि तरी रेलिगेट. जिंकले तेव्हा स्वस्तात जिंकले, बुडाले तेव्हा महागात.

हिशेबी_माणूस

बघा, मी म्हणतच होतो. २०१८ चा समर मात्र कोंबडा_छापना देऊन टाकतो. पण तेव्हाची परिस्थितीही बघा. स्टेडियम त्या सप्टेंबरात उघडायचं होतं, ते एप्रिल २०१९ वर गेलं, टीम वेम्बलीत भाड्याने खेळत होती, खर्च एक बिलियनच्या घरात. अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस पाकीट खिशातच ठेवेल.

कोंबडा_छाप

देऊन टाकतो म्हणजे उपकार का? तोच तर मुद्दा आहे सगळा! आणि मला सांगा ती काटकसर तरी होती का. एरिक्सनने वाट बघितली, नवा करार काही जमला नाही, शेवटी सहा महिने उरले असताना जानेवारी २०२० मध्ये इंटरला फुटकळ किमतीत. व्हर्टोंगन फुकट गेला. त्याआधी २०१९ मध्ये एन्डोंबेलेवर ५० मिलियनच्या वर, क्लबचा रेकॉर्ड, तोही शेवटी करार मोडून फुकट सोडला. म्हणजे ज्यांनी जिंकायच्या जवळ नेलं त्यांना चार पैसे वाढवून द्यायचे नाहीत, आणि ते गेले की घाबरून भलत्यावर उडवायचे. याला तुम्ही शिस्त म्हणता? मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. तुमच्याच वहीत हा तोटा लिहा की.

आणि कोविडमध्ये २०२० ला ५५० कर्मचाऱ्यांचा पगार २० टक्के कापायचा घाट घातला होता, लोकांनी आरडाओरडा केल्यावर मागे घेतला. कोच मोरिन्योला लीग कपच्या फायनलच्या सहा दिवस आधी काढला. युरोपा जिंकून दिलेल्या कोच अँजला सोळा दिवसांत काढला.

हिशेबी_माणूस

अँज लीगमध्ये सतरावा आला होता, २२ मॅच हरून. त्याचा आग्रह धरू नका.

एरिक्सनचं मात्र उत्तर नाही माझ्याकडे. पगाराचं प्रमाण कमी म्हणून मी वर कौतुक केलं, पण त्यातला किती भाग शिस्तीचा आणि किती चांगले लोक निघून गेल्याचा, हे मी वेगळं काढून बघितलं नव्हतं. स्टेडियमबद्दलचं मत कायम. फायनल पैशामुळे हरलात हे अजून पटलेलं नाही. दुखापतीतून उठलेल्या केनला पहिल्यापासून खेळवला आणि सेमीत हॅटट्रिक मारलेल्या लुकासला बेंचवर, तो निर्णय पोचेटिनोचा, त्यात लेव्हीचा काय संबंध.

कोंबडा_छाप

दुसरा धड स्ट्रायकर घेतला असता तर हा प्रश्न आलाच नसता.

हिशेबी_माणूस

लॉरेंटे होता की.

कोंबडा_छाप

"लॉरेंटे होता की" म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

ऑफसाईड_अण्णा

सिटीविरुद्धचा तो गोल लॉरेंटेच्या कमरेला लागूनच आत गेला होता, म्हणून तर तुम्ही सेमीला पोचलात. जरा आदर ठेवा.