समोरच्या वावरातला बोर्ड

सेक्रेटरी: सोसायटीच्या ग्रुपवरच्या सर्वांना नमस्कार. गेटसमोरच्या वावरात बोर्ड लागलाय. खाली दुकानं, वर वन आरके आणि वन बीएचके. हरकतीच्या पत्राचा मसुदा वर टाकलाय. रविवारी सह्या घेऊ.

ए-२०२ काका: माझी सही धराच.

बी-१०१ वहिनी: आपल्यालाच टँकर पुरत नाही, त्यात समोर एवढी घरं!

सी-४०३: आणि गाड्या? सगळ्या आपल्या गेटसमोर लागणार. भाड्याची पोरं येतील, रात्री-अपरात्री गोंधळ.

ए-१०१ आजोबा: टँकरचं त्या वन आरकेवर कामून ढकलता? पैठण रोडच्या कडेला जायकवाडी धरणातून संभाजीनगरला पाणी आणायचे २५०० मिलिमीटरचे पाईप पडले होते तेव्हा माझा नातू आत उभा राहून हात वर करायचा, तरी वर टेकायचा नाही. पाणी आपल्या दारावरून नक्षत्रवाडीच्या शुद्धीकरण केंद्राला जायचंय अन् आपण टँकरवाल्याला फोन लावायलोत. भांडायचं तर त्याच्यावर भांडा.

बी-३०४: मी सही करणार नाही, काका रागावू नका. कंपनीत भरतीचं काम माझ्याकडं आहे म्हणून सांगते. बिडकीनचं औद्योगिक क्षेत्र ७,८५५ एकरांचं आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. टोयोटा किर्लोस्कर, एथर यांनी इथं कारखाने जाहीर केलेत. कागदावर ऑरिकमध्ये, म्हणजे बिडकीन ज्यात येतं त्या औद्योगिक नगरीत, राहण्यासाठीही जागा राखलीय, पण ती घरं उभी राहीपर्यंत माणूस झोपणार कुठं? परवा फुलंब्रीकडचा एक पोरगा नोकरी सोडून गेला. गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीविना पाडलेल्या प्लॉटवरच्या, एका खोलीत पाचजण, गाद्या तीन. रात्रपाळीवाला सकाळी येतो तेव्हा दिवसपाळीवाल्याची गादी अजून गरम असते, तो तिच्यावरच आडवा होतो. पगार बरा होता हो. झोप होत नव्हती.

ए-२०२ काका: वाईट वाटलं. पण म्हणून आमच्याच समोर?

बी-३०४: परवानगीची छोटी घरं नाही झाली तर बाँडपेपरवरच्या २० बाय ३० च्या प्लॉटवर होतातच, काका. ना ड्रेनेज, ना धड रस्ता. मग ती नियमित करत बसायचं. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. अजून एकदा मुदत वाढली तर मला नवल वाटणार नाही.

सी-२०१: 🌹 सुप्रभात! माणसाने फुलासारखं जगावं 🌹

ए-१०१ आजोबा: मी सिडकोत एन-७ ला राहायचो. दोन खोल्यांचं घर, सायकलवर चिकलठाणा एमआयडीसी. त्याच सिडकोत बंगल्याचे प्लॉटही होते, कोणाचं काही बिघडलं नाही. तिथल्या कॅनॉटच्या बाजारपेठेला तेव्हा कागदावर टाऊन सेंटर म्हणायचे. आम्ही हसायचो, माळावर कसलं सेंटर! आज तिथं एक गाळा भाड्यानं घेऊन दाखवा.

सी-४०३: आजोबा, तो काळ वेगळा. माझ्या साडूनं चितेगावला कामगारांसाठी दहा खोल्या बांधल्या. कंपनी बंद पडली. खोल्यांत आता कडबा ठेवलाय, बँकेचे हप्ते चालूच.

बी-३०४: हे मान्य. एका कंपनीच्या जिवावर घरं बांधली की असंच होतं. म्हणून खालच्या गाळ्यांचं मला बरं वाटलं. दवाखाना, क्लास, मोबाईलवाला, एखादं सीएचं ऑफिस आलं तर चारजणांचं काम इथंच निघेल. सगळ्यांनाच काही कारखान्यात जायचं नसतं.

डी-१०२ वकील: एक सांगू का? जमीन रहिवासी झोनमध्ये असेल अन् नकाशा नियमात बसत असेल, तर शेजाऱ्यांच्या सह्यांनी परवानगी अडत नाही. हरकती-सूचना विकास आराखड्यावर देता येतात, तेही ठरावीक मुदतीत. तेव्हा आपण सगळे झोपलो होतो. त्यापेक्षा त्याच वावराच्या मागच्या पट्ट्यावर शाळेचं आरक्षण आहे, ते बघा. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत महापालिकेनं पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. मग तिथंही टॉवर.

बी-१०१ वहिनी: शाळेचं आरक्षण आहे?! आमचा चिंट्या रोज पाऊण तास रिक्षात असतो. हे कोणी कधी बोललंच नाही.

डी-१०२ वकील: वहिनी, वार्षिक सभेत सांगितलं होतं. तेव्हा लिफ्टच्या रंगावर चर्चा चालू होती.

सेक्रेटरी: 😀 बरं. मग पत्र बदलूया का? शाळेची जागा संपादित करा, समोर बस थांबा द्या, आणि बिल्डरनं पार्किंग स्वतःच्या हद्दीत, नियमाप्रमाणे करावं. नोटीस गेलीय का ते नगररचना विभागात आधी विचारून येतो.

बी-३०४: सांडपाण्याचंही टाका. त्या वावराचा उतार आपल्याकडं आहे, पावसाळ्यात सगळं पार्किंगमध्ये येईल.

ए-२०२ काका: मी जुन्याच पत्रावर सही करणार.

सेक्रेटरी: मग दोन पत्रं काढू, काका. ऑफिसच्या प्रिंटरमधली शाई संपलीय, कोणाकडं प्रिंट निघेल?