मदत हवी आहे: बाबांच्या जखमेत एमआरएसए, घरात दीड महिन्याचं बाळ

बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह आहे. खुब्याचं हाड मोडलं म्हणून अठरा दिवसांपूर्वी ऑपरेशन करून प्लेट घातली. आठव्या दिवशी टाक्यांच्या खालच्या टोकाला लाली आली, मग पिवळसर पू. पुवाच्या कल्चरमध्ये (जंतू कोणता ते बघण्याची तपासणी) स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू, सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकपुढे ‘आर’ (औषध चालत नाही), म्हणजे एमआरएसए, नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा प्रकार. व्हॅन्कोमायसिन आणि लिनेझोलिडपुढे ‘एस’ (औषध चालतं). जखम पुन्हा उघडून धुतली, सलाईनमधून व्हॅन्कोमायसिन दिलं, क्रिएटिनिनवर (किडनीची तपासणी) लक्ष आहे. ताप गेलाय. अँटिबायोटिक कोणतं, हा माझा प्रश्न नाही. ते डॉक्टर बघताहेत.

परवा डिस्चार्ज. घरी लिनेझोलिडच्या गोळ्या, आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात म्हणून दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी). काळजी बाळाची आहे. दोन खोल्यांचं घर, बाथरूम एकच, आणि बहीण बाळंतपणाला आलेली. तिला इतक्यात सासरी पाठवता येणार नाही. ड्रेसिंग आई करणार, बाळाला अंघोळही तीच घालते. वॉर्डात विचारलं तर “हात धुवा, घाबरू नका” एवढंच सांगितलं. बाबांचा टॉवेल-साबण वेगळा, ड्रेसिंगला हातमोजे, आधी-नंतर साबणाने हात, जखम कायम झाकलेली, एवढं आम्ही ठरवलंय.

नर्सिंग किंवा इन्फेक्शन कंट्रोलमध्ये काम करणाऱ्यांनी कृपया सांगा: अंगावरचे हे जंतू घालवायला नाकात पाच दिवस मुपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने अंघोळ, हे जखम ओली असतानाच सुरू करतात की भरल्यावर? ते फक्त बाबांनी करायचं की आईनेही? आणि ड्रेसिंग तिच्याकडे असेपर्यंत बाळाची अंघोळ दुसऱ्या कुणी घालावी का?