प्रतिसाद: दूध थांबवताना
बाळंतपणानंतर अंगावरचे दूध थांबवण्यासाठी वर कुणीतरी छाती घट्ट बांधण्याचा सल्ला दिला आहे. तो कृपया पाळू नये, कारण त्याने दूध साकळून गाठी होतात आणि स्तनदाहही होऊ शकतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या आईने वरचे दूध देण्याचे ठरवले असेल, तर डॉक्टर बाळंतपणानंतर पहिल्या 24 तासांत कॅबरगोलिन या दूध थांबवणाऱ्या औषधाची 1 मिलिग्रॅमची एकच मात्रा देऊ शकतात. रक्तदाब वाढलेला असल्यास मात्र हे औषध टाळतात. इथे इंदूरच्या मराठी घरांत सासूबाई मायेने अळिवाची खीर पुढे करतात आणि अंगावर का पाजत नाहीस, असे विचारतात, तेव्हा भिजलेला ब्लाउज लपवणाऱ्या सुनेला उत्तर सुचत नाही, म्हणून हा निर्णय प्रसूतीपूर्वीच झालेला बरा. अर्थात आईची एआरटी (एचआयव्हीवरची औषधे) नियमित सुरू असेल, तर पहिले 6 महिने निव्वळ स्तनपानही करता येते.