मदत हवी आहे : जेवणासोबत सुवार्तेची (येशूच्या संदेशाची) पत्रके द्यावीत का?

बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावाने सलाम. आमची मंडळी (चर्च) नंदुरबार जिल्ह्यात आहे. दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुवा भागातून ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघालेली कुटुंबे बोचकी उशाशी घेऊन बसस्थानकावर रात्र काढतात. त्यांना कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) गरम भाकरी, डाळ आणि ठेचा द्यावा, यावर आमचे एकमत आहे. वाद आहे तो पत्रकांवरून. काही वडीलधाऱ्यांच्या मते सुवार्ता न सांगता नुसते जेवू घालणे म्हणजे अर्धेच काम. पाळकसाहेब मात्र बायबलमधील मत्तय 25:35 दाखवून म्हणतात की भुकेल्याला खायला देण्यासाठी तेथे कोणतीही अट घातलेली नाही. मला स्वतःला योहान 6:26 अधिक अडवते, कारण लोक भाकरी खाऊन तृप्त झाले म्हणून आपला शोध घेतात, हे येशूने तेथे स्पष्टच सांगितले आहे. शिवाय हातात ताट असलेल्या माणसाला पत्रक नाकारणे अवघड जाते (लेकरू उपाशी असेल, तर विचारूच नका).

ज्या मंडळ्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे : प्रार्थना वाढपींनी आधी आपापसांत करावी की पंगतीसमोर? कोणी आपणहून विचारले, तर तेथेच बोलावे की नंतर भेटावे? आणि डाळ रात्रीपर्यंत आंबू नये म्हणून आपण काय करता?